बप्पांचं माहिती खातं

शेवगावकडून गेवराईला निघालेल्या माणसानं उमापुरात गाडी थांबवावी, काच खाली करावी आणि एवढंच विचारावं, "राक्षसभुवनला हाच रस्ता का हो?" उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असतं. पण ते मिळेपर्यंत चहा येऊन जातो. कारण प्रश्न गेलेला असतो बप्पांकडं, आणि बप्पा रस्ता सांगत नाहीत. आधी माणूस बघतात.

बप्पा हे कुणा एकाचं नाव नव्हे. आमच्या बीड जिल्ह्यात वडीलधाऱ्याला बप्पा म्हणायची पद्धत आहे, आणि असा एक बप्पा प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक चहाच्या हॉटेलापुढच्या बाकड्यावर बसलेला असतो. मी सांगतोय ते त्या सगळ्यांचं मिळून आहे. उमापूरचं बाकडं ओळखीचं, म्हणून त्यांना तिथं बसवलंय. धोतर, नेहरू शर्ट, टोपी. एका खिशात चुन्याची डबी, दुसऱ्यात मोबाइल. शेती पोरगं बघतं, तब्येत ठणठणीत. अशा माणसाला गावात दोनच कामं उरतात, सोयरिकी जुळवणं आणि माहिती देणं. सोयरिकीत पुढं दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागतात, हे ध्यानात आल्यावर बप्पा पूर्णवेळ माहितीत उतरले.

त्यांची पहिली नजर नंबर प्लेटवर जाते. "बारा," ते शेजारच्याला हळूच सांगतात. एमएच बारा म्हणजे पुणं. "बाराला सन लागतो. सन सांगितल्याबिगर ते गाडीतनं खाली उतरत नाहीत." चार म्हणजे ठाणं. "त्याला देव नको, लढाई नको. 'किती वेळ लागेल' तेवढंच पुसतो. त्यातनं पंधरा मिनिटं कमी करून सांगायचं, की गेला खुशीत." सोळा म्हणजे नगर. "सोळाला काही सांगू नये. त्याला समदं ठाव असतं. आपल्याला येतंय का, तेवढं तपासायला थांबतो." आणि वीस म्हणजे छत्रपती संभाजीनगर. "त्यानं लहानपणापासून वेरूळ बघितलंय. त्याच्यापुढं देवळाचा विषय काढून आपली शोभा करून घ्यायची नाही. जेवणाचा काढायचा."

राक्षसभुवनची लढाई हा बप्पांचा हुकमी एक्का. तारीख पाठ आहे, १० ऑगस्ट १७६३. पुण्याची गाडी असली की लढाई अशी होते: माधवराव पेशव्यांचं वय अठरा. पानिपताला अडीच वर्षं झालेली. काका-पुतण्याचं नुकतंच जमलेलं. निजामाची फौज गोदावरी उतरायला लागली, अर्धी पल्याड गेली, अर्धी अल्याड राहिली, नदीला पूर आला, आणि मराठे तुटून पडले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर इथंच पडला. "अठराव्या वर्षी!" असं म्हणून बप्पा गाडीतल्या मागच्या सीटवर हेडफोन लावून बसलेल्या पोराकडं बघतात. बापाचं तोंड उजळतं. पोराचं उतरतं. बाप खाली उतरून चहा सांगतो.

हैदराबादची गाडी आली की तीच लढाई, तीच तारीख, तोच पूर. फक्त आवाज खाली येतो आणि भाषा दखनी होते. "हुजूर तो नदी के उस पार थे साहब. पानी नै उतरा. उतरता तो देखते." निजाम अली पलीकडच्या काठावर उभा राहून बघतोय, इकडं त्याचा दिवाण मारला जातोय आणि मधे गोदावरी. बप्पा हे अशा काही दुःखानं सांगतात की पाहुणे दोन मिनिटं गप्प बसतात आणि मग तेही चहा सांगतात. मला ह्यात गंमत ही वाटते की दोन्हींत एक अक्षर खोटं नाही. पुण्यातल्या माणसाला पूर हा मराठ्यांचा मित्र वाटतो, हैदराबादच्या माणसाला तो निजामाचा वैरी वाटतो. पाणी तेवढंच.

"मग बप्पा, आपलं गाव कुणाकडनं होतं?" मी एकदा विचारलं. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. बप्पांचे वडील त्याचीच रयत. बप्पांनी चुना मळत मळत विचार केला. "आपण वैरणीकडनं होतोत. ह्यांनी पण आपलीच नेली, त्यांनी पण आपलीच नेली."

ही कला बप्पा शिकले कुठं? उसाच्या फडात. तरुणपणी ते मुकादम होते. दसरा झाला की टोळ्या जमवायच्या, नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागं उचल द्यायची आणि ट्रक भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर न्यायचं. निघण्याआधी बायाबापड्यांना जागेची माहिती सांगायची तीही मुकादमानंच. "पाणी अगदी जवळ हाय. दुकान समोर. जनावराला वाढे मोप. मालक देवमाणूस." प्रत्यक्षात पाणी म्हणजे कालवा, तोही बांध उतरून, आणि मुक्काम म्हणजे पाचटाची कोपी. पट्टा पडून गावाकडं परत यायला चैत्र उजाडायचा. सहलीच्या कंपन्या रंगीत कागदावर हल्ली जे छापतात ते बप्पांनी चाळीस वर्षांपूर्वी तोंडी केलेलं आहे. फरक इतकाच की ही बहुधा जगातली एकच सहल, जिच्यात प्रवाशालाच आगाऊ पैसे मिळतात आणि ते फेडायला त्याची हयात जाते. त्या दिवसांविषयी बप्पा फारसं बोलत नाहीत. नंबर प्लेटवर कर्नाटकाचं केए दिसलं की मात्र बाकड्यावरून उठून आत जातात. त्या गाडीला रस्ता हॉटेलवाला सांगतो.

बप्पांचं खरं दुखणं निराळंच आहे, आणि ते आहे शिंगणापूर. शनीला निघालेला भाविक आधी नेवाशाकडं शनिशिंगणापूरला जातो, आणि त्यातल्या दहात एखाद्याला कुणीतरी सांगतं की साडेतीन शनिपीठांत राक्षसभुवनही आहे, गोदावरीच्या काठावर. मग तो शेवगाव करत इकडं येतो. आल्यावर बोलतो मात्र शिंगणापूरचंच. "तिकडं घरांना दारंच नाहीत म्हणे!" बप्पा ऐकून घेतात. "तिकडं २०११ साली बँकेनं बिनकुलपाची शाखा काढली म्हणे!" तेही ऐकून घेतात. पाहुणा गेल्यावर त्यांचा बांध फुटतो. "दारं नाहीत म्हणून दुनिया लोटती. आम्ही दारं बसवली, ही काय चूक झाली का? बायकांनी उघड्यावर निजायचं का आता पाव्हण्यांसाठी?" एकदा त्यांनी हॉटेलच्या दाराची कडी काढून ठेवायचा प्रस्तावही मांडला होता. हॉटेलवाल्यानं आधी थकलेल्या चहाचं विचारलं आणि विषय मिटला.

आता ते पाण्याचं प्रकरण. हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिवाळ्यात एक गोरं जोडपं सायकलींवर आलं. सायकलींना दोन्हीकडून पिशव्या, डोक्यावर टोप्या, नाकं लाल. मोबाइलवरच्या नकाशानं त्यांना पैठणहून भलतीकडून काढलं होतं. नंबर प्लेट नसल्यामुळं बप्पा क्षणभर गोंधळले. पण घरी आलेल्या माणसाला आधी काय द्यायचं, ह्याला नंबर प्लेट लागत नाही. त्यांनी पोऱ्याला हाक मारली, तांब्या परत घासायला लावला, माठातलं गार पाणी भरलं आणि स्वतः उठून दोन्ही हातांनी पुढं केला.

बाईनं छातीवर हात ठेवला, गोड हसली आणि मान हलवून 'नको' म्हणाली. बुवानं आपली बाटली दाखवली. बप्पांनी पुन्हा पुढं केला. पुन्हा छातीवर हात. तिसऱ्यांदा बप्पांनी तांब्यावरचा पेला काढला, वरून धार धरून एक घोट स्वतः पिऊन दाखवला, म्हणजे ह्यात काही घातलेलं नाही अशी खात्री पटावी. बाई आता रडवेली झाली. तिच्या पिशवीत एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक होतं, ते तिनं उघडून मला पान दाखवलं. नळाचं, विहिरीचं, माठाचं, कुठलंच पाणी पिऊ नये, बर्फ नको, सोलून ठेवलेलं फळ नको, उकळलेलं चालेल. खाली रेघ ओढलेली होती.

मी बप्पांना समजावून सांगायच्या आतच त्यांनी निकाल दिला होता. खाली बसले, तांब्या शेजारी ठेवला आणि मला म्हणाले, "त्यांच्यात सोवळं लई कडक दिसतंय."

"तसं नाही बप्पा, पुस्तकात..."

"पुस्तकातच असतंय सोवळं. आपल्याकडं कुठं निराळं होतं? आपल्या हातचं पाणी चालत नाही म्हणलं की वळखायचं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट जरा करुणाच होती. आपल्याकडं हे सगळं कमी झालं आणि ह्या बिचाऱ्यांच्या देशात अजून सुरू आहे, ह्याची.

तेवढ्यात चहा आला. दोघांनी तो आनंदानं घेतला, आणखी एकेक मागितला. बप्पांनी डोळे बारीक केले. पाणी चालत नाही, चहा चालतो. "आस्सं! म्हणजे आज त्यांचा उपास हाय." मग त्यांनी पोऱ्याला पळवून शेंगदाण्याचे लाडू आणवले. तेही घेतले गेले. उपास पक्का झाला. वार कोणता, देव कोणता, एवढंच बप्पांना कळायचं राहिलं. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांकडचा चहा समोर आला म्हणून टिळक-रानडे धरून थोरामोठ्यांवर केवढं गंडांतर आलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. उमापुरात तोच चहा सगळ्यांना सोडवून गेला.

निघण्याआधी बाईनं मला विचारलं, की इथले लोक मान हलवतात ती 'हो' म्हणून की 'नाही' म्हणून? तिच्या पुस्तकात त्यावरही अर्धं पान होतं, पण इथं आल्यापासून तिला ते लागू पडत नव्हतं. मी प्रश्न बप्पांना सांगितला. बप्पांनी मनापासून विचार केला. "त्यांना सांगा, मान आडवी डुलली की हो. उभी हलली की बघू. आणि अजिबात हललीच नाही तर समजावं, आपण उसनं मागून बसलोत." मी ते इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. ती वही पुढं कुठं छापली गेली तर आमच्या तालुक्याची कीर्ती काय होईल, ह्याचा अंदाज करवत नाही.

ती दोघं गावातून काय घेऊन गेली? पाणी नाकारल्यानं म्हातारा दुखावला, पण किती प्रेमळ, असं काहीसं असणार. आणि गावात काय राहिलं? परदेशात सोमवार पाळतात, एवढं. महिनाभर हॉटेलात ती माहिती अधिकृत होती. मला विचाराल तर बप्पा खोटं बोलत नाहीत, ते निवडतात. छापील पुस्तकंही तेच करतात. पण समोरच्याचा चेहरा पडलेला बघून बप्पा बेत बदलतात. पुस्तकाला ते जमत नाही, त्यामुळं ते बिचारं त्याच पानावर अडून बसतं.

मार्गदर्शक पुस्तकांचं आपल्याला अप्रूप वाटायचं काही कारण नाही म्हणा. राक्षसभुवनला लागूनच गोदाकाठी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचं आत्मतीर्थ. चक्रधरस्वामी जिथं जिथं बसले, राहिले, थांबले, त्या जागांची तपशीलवार नोंद ह्या पंथानं करून ठेवली. चौदाव्या शतकातल्या मुनिव्यासांची 'स्थानपोथी' म्हणजे दुसरं काय आहे? देऊळ कोणत्या तोंडाचं, गावाच्या कोणत्या दिशेला, आसन कुठं, वसती कुठं. पुढं सहाशे वर्षांनी आलेला भाविकही बरोब्बर त्या ओट्यापाशी जाऊन डोकं टेकतो. गोऱ्यांच्या पुस्तकात काय टाळावं ह्यावर भर असतो, स्थानपोथीत कुठं टेकावं ह्यावर. आणि गंमत म्हणजे हाच पंथ आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला लागला, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उकलेपर्यंत बाहेरच्यांना आत काय आहे ते कळेना. माहिती नीट लिहून ठेवायची आणि मग कुणाला वाचता येणार नाही अशी सोय करायची, हे आपल्या सरकारी कचेऱ्यांच्या किती आधी सुचलं होतं बघा.

महानुभाव यात्रेकरूंपुढं बप्पांची विद्या चालत नाही. विदर्भातून आलेली माणसं अनवाणी उतरतात, रस्ता विचारतात, 'दंडवत प्रणाम' म्हणतात आणि निघतात. सन नको, वेळ नको, गोष्ट नको; गोष्ट त्यांना आपल्यापेक्षा जास्त येते. त्याहून बाका प्रसंग म्हणजे पंजाबातले जयकृष्णी. हा पंथ मध्ययुगातच पार उत्तरेत पोचलेला. तिकडं त्यांना ह्याच नावानं ओळखतात. एकदा एका बसमधून अशी मंडळी उतरली. उंचनिंच, पगड्या बांधलेली. बप्पा सरसावले आणि आपल्या ठेवणीतल्या हिंदीत सुरू झाले, "आवो जी, बैठो जी, ये महाराष्ट्र है, इधर मराठी बोलते..." त्यातल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले आणि चक्रधरांची सूत्रं म्हणायला लागला. मराठीत. तीही यादवकाळच्या. बप्पांना चार शब्द कळले, आठ कळले नाहीत. आपल्याच गावाशेजारी, आपल्याच भाषेत, पंजाब्यानं आपल्याला निरुत्तर करावं! त्या दिवशी बप्पांनी चहाचे पैसे स्वतः दिले. हॉटेलवाला ती नोट अजून दाखवतो.

त्या मंडळींकडूनच बप्पांना दत्तप्रभूंच्या दिनक्रमाचा पुन्हा एकदा उजाळा मिळाला. तसं आपल्यालाही ते माहीत असतं: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, भोजन पांचाळेश्वरी, निद्रा माहूरला. रोज. एका दिवसात. बप्पांच्या डोक्यात मात्र त्यातनं लख्ख उजेड पडला. तेव्हापासून ठाण्याच्या गाडीलाही त्यांच्याकडं उत्तर आहे. "साहेब, तुम्हाला वेळ नाही म्हणता? दत्तप्रभूंचा दिवस ऐका. तरी जेवायला इथंच थांबतात."

बप्पा स्वतः पाहुणे झाले की काय होतं? एकदा सप्ताहाच्या मंडळाबरोबर ते अजिंठ्याला जाऊन आले. गाइडनं नेहमीचं सांगितलं. २८ एप्रिल १८१९, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, दऱ्यापलीकडून त्याला लेण्यांची कमान दिसली, दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव कोरलं ते अजून आहे. आणि मग गाइड म्हणाला, की इथले लोक असंही सांगतात, त्याला जागा एका गुराख्यानं दाखवली.

"त्या गुराख्याचं नाव काय?" बप्पांनी विचारलं.

गाइडला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. बाकीची मंडळी पद्मपाणीपुढं उभी राहिली, बप्पा बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. परत आल्यावर गावानं विचारलं, अजिंठा कसा? "अजिंठ्यात काय हाय? ज्यानं रस्ता सांगितला त्याचं नाव नाही आणि ज्यानं पुसला त्याचं भिंतीवर." दीड-दोन हजार वर्षांच्या चित्रांवर इतका कडक अभिप्राय मी दुसरीकडं ऐकलेला नाही. पण जरा खोलात गेलं तर तोही एका परीनं व्यावसायिकच होता.

काशीला गेले तेव्हा घाटावर पंड्यानं गाठलं. पंडा हा बप्पांचाच थोरला भाऊ. माणूस बघून माहिती देणारा. पण त्याच्याकडं वह्या असतात. त्यानं एका दमात जिल्हा, तालुका, जात, कूळ विचारलं. बप्पांनी परीक्षा घ्यायची म्हणून कोल्हापूर सांगितलं. पंड्याचा आवाज लगेच चढला: करवीर, महालक्ष्मी, दक्षिण काशी, आप तो खुद काशी से आए हो! बप्पा हरखले. मग त्यांनी सांगितलं, तसं नाही, आम्ही बीडचे. पंडा क्षणभरही अडखळला नाही: परळी वैजनाथ, ज्योतिर्लिंग, आप तो ज्योतिर्लिंग के आदमी! बप्पांना माणूस इतका आवडला की त्यांनी दक्षिणा वाढवून दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले, नुसतं ऐकायला. सोबतच्या लोकांनी विश्वनाथ केला, कालभैरव केला, साड्या घेतल्या. बप्पांनी पंडा केला. तिसऱ्या दिवशी म्हणे एक नागपूरचं कुटुंब चुकून बप्पांनाच रस्ता विचारायला आलं आणि बप्पांनी तो सांगितलाही, मणिकर्णिकेपासून.

परत आल्यावर बाकड्यावर गर्दी जमली. गंगा किती मोठी, आरती कशी, गल्ल्या किती अरुंद, लोक विचारत होते. बप्पांनी डबी काढली, चुना लावला, सगळ्यांना थांबायला लावलं.

"चांगली हाय काशी," ते म्हणाले. "अंघोळीपुरती."